पाय उचलून चाल

खाला माणसाचं तोंड नंतर पाहायची, आधी पाय. आर्णीला बदली होऊन मी तिच्या दारात भाड्याची खोली विचारायला उभी राहिले, तेव्हा मी कोण, कुठली, लग्न झालंय की नाही, यातलं तिनं काहीएक विचारलं नाही. ती कमरेतून वाकली, माझ्या चपलांकडे निरखून बघितलं आणि म्हणाली, "रबर काळं हाये. बाहीर काढ." मी काढल्या. मग माझी उघडी पावलं बघितली. "ओले तं नाई ना? पायपुसण्यावर पुसून घे. अन् पाय उचलून चाल बेटा, घासत नको येऊ." मी साताऱ्याकडची, बँकेत नोकरी करणारी, चांगली तिशीतली बाई. पण त्या दिवशी मी दारापासून खुर्चीपर्यंत अशी चालले की जणू पाण्यातून चाललेय.

वरची खोली मला मिळाली. जिना बाहेरून होता, तरी भाडं द्यायला, दूध घ्यायला, गप्पांना खाली यावंच लागे. मला खालाची भीती वाटायची. मलाच नव्हे, तिला खाला म्हणजे मावशी म्हणणाऱ्या सगळ्या गल्लीला वाटायची. सिलिंडरवाला उंबऱ्याबाहेर सिलिंडर टेकवून हाक मारायचा आणि आत यायचं नावच काढायचा नाही.

बाहेरून ते घर चारचौघांसारखं सिमेंटचं. पण बैठकीत पाऊल टाकलं की पायाखाली सागवान. सबंध जमीन फळ्यांची, मधाच्या रंगाची. खालाच्या नवऱ्याची, म्हणजे चाचांची, आर्णीत लाकूड कापायची आरा मशीन होती. त्यांच्या एकुलत्या एक सलीमच्या जन्मानंतर खालाला गार फरशीवर पाऊल टेकवलं की मांडीपर्यंत कळ जायची. डॉक्टर झाले, शेक झाले, काही उपयोग होईना. तेव्हा चाचांनी मशीनवर उरणारे चांगले, वाळलेले सागाचे तुकडे बाजूला काढायला सुरुवात केली आणि स्वतः रंधा मारून ही जमीन घातली. वरून चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश, तेही कापडाच्या बोळ्यानं, हातानं, थरावर थर. खाला सांगायची, "लोकायनं बायकोले पाटल्या केल्या. यायनं मले जमीन केली." आणि चाचा मला डोळे मिचकावून म्हणायचे, "मॅडम, हिले सासू नव्हती. थे कसर आता जमीन भरून काढून राह्यली."

चपड्याचं पॉलिश दिसायला देखणं, पण फार नाजूक. पाणी सांडून राहिलं तर पांढरा डाग पडतो. स्पिरिटचा थेंब पडला तर पॉलिशच विरघळतं. हे मला कळलं ते एका विम्याच्या एजंटामुळे. करोनाचे दिवस नुकतेच सरले होते. तो खुर्चीवर बसला, खिशातून बाटली काढून हातांवर भरपूर सॅनिटायझर ओतलं आणि त्यातलं थोडं खाली ठिबकलं. त्यानं ते आपल्या रुमालानं मोठ्या तत्परतेनं पुसलं. रुमालाबरोबर पॉलिशही आलं. खाला ओरडली नाही. तिनं फक्त छातीवर हात ठेवला आणि भिंतीला टेकून बसली. तो बिचारा विमा विसरून तिलाच पाणी देऊ लागला, तर ती म्हणाली, "पाणी नको आणू बावा, पाणी तं अजून नको आणू."

डाग काढायची तिची एक रीत होती आणि ती रीत मोडायची कुणाला मुभा नव्हती. आधी नख. काळ्या रेघेवरून ती अंगठ्याचं नख हलकेच फिरवायची. "नख अडकलं तं लाकूड दुखलं, त्याले हात नाई लावायचा. नाई अडकलं तं नुसता वरचा डाग हाये, थो निघते." मग जुन्या मलमलच्या ओढणीचा कोरडा तुकडा घेऊन पुसायचं. त्यानं गेलं नाही तर शाळेतल्या पोरांचं पांढरं खोडरबर, लाकडाच्या रेघेच्या दिशेनं, दाबून नाही, फुंकर घातल्यासारखं. शेवटी कापसाच्या बोळ्यावर जवसाच्या तेलाचा एक थेंब, आणि लगेच कोरड्या कापडानं तो थेंबही टिपून घ्यायचा. घासणी नाही, सोडा नाही, जाहिरातीतलं कुठलंच पाणी नाही. तेल का टिपायचं, असं मी एकदा विचारलं. "पाय घसरन ना कोणाचा!" ती दचकून म्हणाली, जणू कुणी घसरलंच. खोडरबर तिच्या कुर्त्याच्या खिशात कायम असायचं. चाव्यांच्या जुडग्यासारखं ते वाजत नसे, एवढाच फरक.

या सगळ्या कायद्यातून एक माणूस सुटलेला होता. चाचांना साखरेचा आजार होता आणि डॉक्टरांनी घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही असं बजावलं होतं. त्यामुळे त्या जमिनीवर चपला घालून फिरणारे ते एकटेच. काळ्या मऊ रबराच्या चपला, पट्ट्यांच्या. खाला कुरकुरायची, पण सवयीनं. आपसात दोघं उर्दू-हिंदीत बोलत, माझ्याशी बोलताना वऱ्हाडी. "पाँव उठाके चलो जी," ती स्वयंपाकघरातून ओरडायची. "उठाके ही चलता हूँ, तेरी जमीन पे कौन घिसटेगा!" बैठकीतून उत्तर यायचं. माझ्या पहिल्या वर्षात हा संवाद मी इतका ऐकला की मला तो घड्याळाच्या टोल्यांसारखा वाटायला लागला.

दुसऱ्या वर्षी कधीतरी त्या संवादाचा दुसरा अर्धा भाग बंद झाला. खाला ओरडायची, बैठकीतून उत्तर येत नसे. मला वाटलं, चाचांना कमी ऐकू येत असेल.

एका रविवारी दुपारी मी ताकाचं भांडं परत द्यायला खाली आले. चाचा नमाजला गेले होते. खाला बैठकीत गुडघ्यांवर बसून खोडरबर फिरवत होती. त्यात नवल काहीच नव्हतं. नवल होतं ते रेघांचं. आजवर मी एखाददुसरा डाग पाहिला होता, इकडे एक, तिकडे एक. आज दारापासून हात धुवायच्या जागेपर्यंत रेघांची ओळ होती. एकेक बोटभर लांब, सारख्या अंतरावर, आणि साऱ्या उजव्या अंगाला.

"कोणी आलं होतं का खाला, बूट घालून?" मी विचारलं.

तिनं मान वर केली. मला आजवर जिची भीती वाटत आली, ती बाई मला घाबरली होती. माझ्याकडे नव्हे, माझ्या मागे दाराकडे बघून तिनं हळू आवाजात विचारलं, "यायचा आवाज आला का? येऊन राह्यले का?" मी नाही म्हटलं. तशी ती पुन्हा भराभर पुसायला लागली. दाबून. तिनं स्वतः घालून दिलेली रीत ती मोडत होती.

"चाचांच्या चपलेच्या आहेत?"

"नाव नको घेऊ," ती म्हणाली.

मग मला हळूहळू समजलं. चाचांचा उजवा पाय उचलला जात नव्हता. पहिली रेघ तिनं पाहिली तेव्हा चपलेलाच दोष दिला आणि नव्या चपला आणल्या. रेघा तशाच राहिल्या. मग त्या रोज पडू लागल्या आणि ती रोज पुसू लागली. त्यांनी पाहायच्या आत. ज्या माणसानं स्वतः रंधा मारून ही जमीन केली, त्याच्या नजरेतून एक ओरखडा सुटला नसता. "त्यायले समजलं ना, का आपला पाय घासत हाये," खाला म्हणाली, "तं थे उद्यापासून भिऊन चालतीन. अन् भिऊन चालणारा माणूस पडतेच." सलीमला सांगा, मी म्हटलं. सलीम नागपूरला नोकरीला होता, शब्दाचा पक्का, आईबापांवर जीव असणारा मुलगा. पण तिनं जोरात मान हलवली. "थो येईन, गाडीत घालन, घेऊन जाईन. यायची मशीन जाईन, दोस्त जातीन, मस्जित जाईन. मंग काय ऱ्हायलं? तू कोणाले सांगू नको. अंधारात सापाले साप म्हणत नाई ना आपण? जनावर म्हणतो. तसंच हे. नाव घेतलं का येते."

मी कबूल केलं, आणि तेव्हापासून ती भीती माझ्याही घरात राहायला आली. संध्याकाळी वर बसले की खालून आवाज यायचा. थप्प, सर्र. थप्प, सर्र. आधी तो आवाज कधी माझ्या लक्षातही आला नव्हता, आता दुसरं काही ऐकूच येईना. टीव्ही मोठा केला तरी कान खालीच. मध्येच आवाज थांबला की मी श्वास रोखून बसायची आणि पुन्हा 'सर्र' आलं की सोडायची. खालाही अशीच कान लावून बसलेली असायची, हे मला माहीत होतं. तिचं "पाँव उठाके चलो जी" आता ओरडणं राहिलं नव्हतं. ती ते अगदी हळू म्हणायची, तोंडातल्या तोंडात, आणि त्यात जमिनीची काळजी कुठेच नसायची.

बाहेर मात्र ती तशीच. उलट जास्तच कडक. कुणाचं लक्ष रेघांकडे जाऊ नये म्हणून ती पाहुण्यांना बैठकीत बसूच देईना. ओसरीतच खुर्च्या मांडून चहा द्यायची. लोक म्हणायचे, म्हातारीला लाकडाचं वेड लागलं. ती ऐकून घ्यायची. ईदला सलीम आला, बायकोपोरांसह दोन रात्री राहिला आणि जमीन आरशासारखी लख्ख पाहून म्हणाला, "अम्मी, अजून किती पुसशीन? हात थकत नाई का?" ती हसली. मी शिरखुर्म्याची वाटी हातात घेऊन तिथेच होते. पण मी बोलले नाही, कारण तिची नजर माझ्यावर होती.

पुढे थंडीत, दुपारच्या चहानंतर, चाचा उंबरा ओलांडताना पडले. मी सुट्टीमुळे घरीच होते. आवाज ऐकला तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही, आणि हेच मला आजही सहन होत नाही. धावत खाली गेले. ते कुशीवर पडले होते, चष्मा लांब फेकला गेला होता, आणि खाला त्यांचं डोकं मांडीवर घेऊन त्यांच्या उजव्या पावलावरून सारखा हात फिरवत होती. "कुछ नहीं हुआ, कुछ नहीं हुआ," चाचा तिलाच समजावत होते.

हाड मोडलं नव्हतं. सलीम तातडीनं आला आणि आम्ही यवतमाळला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. खालानं माझा हात सोडलाच नाही, म्हणून मीही आत. डॉक्टरांनी चाचांना चालवलं, बोटं आपटायला लावली, आणि शेवटी पलंगावर निजवून पावलाच्या तळव्यावरून किल्लीचं टोक ओढलं. खाला टक लावून बघत होती. माझ्या कानाशी म्हणाली, "पाह्य, हेबी नखच लावून पाहून राह्यले."

डॉक्टरांनी विचारलं, "हे पाय ओढणं कधीपासून आहे?"

"झाले असतील आठ-पंधरा दिवस," चाचा म्हणाले.

"ईदला तं बिलकुल चांगले होते सर," सलीम म्हणाला. "घरात तसं काही दिसलंच नाही आम्हाले."

 माझ्या हातातला खालाचा हात गार पडला होता. मला वाटलं, बोलणार नाही ती. मग ती उभी राहिली. "दोन ईदा झाल्या," ती म्हणाली. "पहिले दाराजवळ. उजवा. मंग हात धुवाच्या जागी, तिथी वळतात ना, तं जास्त. बरसातीत कमी झालतं, मले वाटलं गेलं. थंडीत पुन्हा आलं अन् लांब झालं. सकाळी कमी, दिवस कलला का जास्त. सलीमले काही दिसलं नाई, कारन मी पुसत होती. रोज पुसत होती."

चाचा तिच्याकडे बघतच राहिले. डॉक्टर भले होते. कंपवात आहे म्हणाले, औषध आहे, अजून पुष्कळ करता येईल. पण लिहिता लिहिता ते बोलून गेले की थोडं आधी आला असता तर बरं झालं असतं. कुणाला टोचून बोलले नव्हते ते. परतीच्या वाटेवर गाडीत खाला खिडकीबाहेरच्या वेचून झालेल्या कपाशीकडे बघत एकच वाक्य बोलली. "लाकूड दुखलं होतं, अन् मी डाग म्हणून पुसत बसली." चाचा पुढच्या सीटवर होते. त्यांनी मागे हात केला, आणि ती बराच वेळ तो हात धरून बसली.

त्या दिवसापासून बैठकीतल्या रेघा पुसल्या गेल्या नाहीत. जुन्यांवर नव्या पडत राहिल्या. सांगायला हरकत नाही, मला त्या घराची खरी भीती तेव्हा वाटली. आरशासारखी जमीन काळी होत गेली आणि खाला तिच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघत बसली. गोळी सकाळी दिली की दुपारपर्यंत नव्या रेघा आखूड पडतात का, संध्याकाळची गोळी उशिरा झाली तर काय होतं, हे ती जमिनीवर बघून सलीमला फोनवर सांगायची आणि तो डॉक्टरांना. चाचांना आता सगळं माहीत होतं. ते भिऊन चालू लागतील अशी तिला धास्ती होती, पण ते भिऊन चालले नाहीत. एकदा रेघांकडे बघून मला म्हणाले, "मॅडम, जिंदगीभर लाकडावर रेघा मारल्या पेन्सिलीनं. आता पायानं मारून राह्यलो." खाला त्यांच्यावर ओरडली, आणि कितीतरी दिवसांनी ते ओरडणं जुन्यासारखं होतं.

दीड वर्ष असं गेलं. पायानं नेलं नाही त्यांना. छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेले. त्या दिवशी बैठकीत सबंध आर्णी येऊन गेली. कुणाच्या पायात काय आहे हे खालानं पाहिलं नाही.

चाळीसाव्या दिवसाचे विधी झाले. सलीम न्यायला आला, तर ती गेली नाही. "मले जमीन केली हाये त्यायनं," एवढंच म्हणाली. मग एक दिवस बसून तिनं सगळ्या रेघा काढल्या. नख, ओढणी, खोडरबर, तेल. या वेळी घाईनं नाही. मी मदतीला बसू का विचारलं, तर म्हणाली, "नाई बेटा, हे माह्यं काम हाये." जमीन पुन्हा मधाच्या रंगाची झाली. आणि जी बाई जन्मभर त्या जमिनीवर अनवाणी चालली, ती दुसऱ्या दिवसापासून चाचांच्या काळ्या चपला घालून घरात फिरू लागली.

माझी बदली झाली, तेव्हा निरोपाला मी खाली आले. बाहेर रिक्षा उभी होती. खालानं मला बैठकीत बसवलं, जबरदस्तीनं शेवया खाऊ घातल्या, पिशवीत जवसाच्या चटणीचा डबा कोंबला आणि खिशातून अर्धं झिजलेलं खोडरबर काढून माझ्या हातावर ठेवलं. "नव्या घरी लागन तुले." माझ्या नव्या घरात टाइल्स आहेत, हे मी तिला सांगितलं नाही. पाया पडायला वाकले आणि वाकलेलीच राहिले. तिच्या मागे, स्वयंपाकघराच्या दारापासून माझ्या खुर्चीपर्यंत, रेघा होत्या. ताज्या. बोटभर लांब, सारख्या अंतरावर.

तिनं माझी नजर पाहिली. "चपला मोठ्या हायेत ना मले," ती लगेच म्हणाली. "म्हणून घासतात."

"हो खाला."

"उगीच सलीमले काही सांगशीन. थो मले घेऊन जाईन. मंग ही जमीन कोण पाहीन?" ती हसत होती, पण तिच्या डोळ्यांत त्या रविवारची, दाराकडे बघणारी भीती होती. तिनं हात पुढे केला. "दे थे खोडरबर जरा. आताच काढून टाकते."

मी मूठ मिटून घेतली. "रिक्षा थांबलीय," म्हटलं, तिला मिठी मारली आणि निघाले. दाराशी पोचले तोच मागून तिची हाक आली, "पाय उचलून चाल वो बेटा." मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर ती कशी चालत येतेय हेच बघितलं असतं.

रिक्षा स्टँडकडे वळली तेव्हा मी फोन काढला.  तिचं घर जाईल, जमीन जाईल, आणि ते माझ्या एका फोननं जाईल, हे मला पक्कं ठाऊक होतं. चपला मोठ्या होत्या हेही खरं होतं. सलीमनं फोन उचलला आणि हसून विचारलं, "निघाल्या का मॅडम?"

"सलीमभाई," मी म्हणाले, "अम्मीच्या बैठकीत रेघा आहेत."

 मागे त्याच्या मुलाचा गलका ऐकू येत होता. मग त्यानं अगदी हळू विचारलं, "कोणत्या पायाच्या?"

"डाव्या," मी म्हणाले. "एकट्या डाव्याच."